झडपेची वाट

विहिरीत सोडलेल्या नळीच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह का बसवतात, हे आमच्या शेतकरी श्रोत्यांना सांगायला नको. ती एकमार्गी झडप. पाणी वर चढू देते, परतू देत नाही. म्हणून पंप पुन्हा सुरू करताना नळी भरावी लागत नाही.

घरच्या नळाची जुनी तोटी ग्लोब जातीची. चकती जरा उचलली की हवी तेवढी धार मिळते. पण पाण्याला आत वळणे घ्यावी लागतात आणि त्यांत दाब खर्च होतो. म्हणून मुख्य वाहिनीवर गेट व्हॉल्व्ह असतो. त्याचे पाते पूर्ण उचलले की वाट सरळ व मोकळी. मात्र तो अर्धवट उघडा ठेवला तर पाते थरथरून झिजते, पुढे नीट मिटत नाही, आणि एका गल्लीच्या दुरुस्तीपायी साऱ्या गावाचे पाणी तोडावे लागते.

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या उभारणीस केंद्र सरकारने 2023 साली मंजुरी दिली. गुरुत्वलहरी टिपण्यासाठी तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण धावायचा आहे. अमेरिकेतल्या अशा वेधशाळेत हवा उपसायला 40 दिवस लागले. आरशाच्या दुरुस्तीपायी ते श्रम वाया जाऊ नयेत म्हणून आरशाची कोठी आणि नळी यांमध्ये भला मोठा गेट व्हॉल्व्ह असतो. मिटला की नळी सुरक्षित. उघडला की किरणाला अडसर नाही.

पाणी असो वा प्रकाश, आपणांस झडपेकडून एवढेच हवे असते.