पेशीवरचं टिचबटण

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक विलक्षण रक्तगट शोधला. ओ गटाचं रक्त कोणालाही चालतं असं आपण मानतो. या 'बॉम्बे' गटाच्या माणसांना मात्र तेही चालत नाही. कारण पुढे कळलं. त्यांच्या तांबड्या पेशींवरच्या साखरेच्या साखळीत फ्युकोज नावाची एक साखर बसलेलीच नसते. तेवढ्या उणिवेपायी चुकीचं रक्त चढलं तर जीव जाऊ शकतो.

साखर म्हटलं की आपल्याला चहा आठवतो, नाहीतर मधुमेह. पण आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची दाट लव असते आणि आपलं कोण, परकं कोण, हे बरंचसं तिच्यावरून ठरतं. या साखळ्यांचा आराखडा जनुकांत थेट लिहिलेला नसतो. त्यामुळे जनुकात फेरफार करून प्रथिनाला चमकतं शेपूट लावावं, तसं साखरेला लावता येत नाही.

रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांनी या अडचणीवर काढलेली वाट मला फार देखणी वाटते. पेशी मॅनोसअमाइन या साखरेपासून सियालिक आम्ल घडवते आणि साखळीच्या टोकाला बसवते. बर्टोझींनी त्या कच्च्या मालालाच अ‍ॅझाइड, म्हणजे ओळीने तीन नायट्रोजन अणू, जोडून तो पेशीला खाऊ घातला. पेशीने तो आपलाच समजून वापरला. जणू टिचबटणाची एक बाजू तिने स्वतःच अंगावर शिवून घेतली!

दुसरी बाजू होती अल्काइनची, म्हणजे तिहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बन अणूंची; चमकतं शेपूट लावायचं ते हिला. तांब्याच्या साहाय्याने ही दोन टोकं चटकन जुळतात, हे बॅरी शार्पलेस आणि मॉर्टेन मेल्डल या रसायनशास्त्रज्ञांना २००२ मध्ये स्वतंत्रपणे दिसलं होतं. हीच क्लिक केमिस्ट्री. पण तांबं जिवंत पेशीला विषारी. अल्काइनच्या तिहेरी बंधाला सरळ रेषेत राहायचं असतं. बर्टोझींनी त्याला आठ कार्बनच्या कड्यात वाकवून बसवलं. ओढून धरलेल्या धनुष्यासारखा तो ताण अ‍ॅझाइड भेटताच सुटतो, तांब्याशिवाय. हे २००४ साली जमलं. २००८ मध्ये झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणावरच्या साखळ्या उजळून दिसल्या. २०२२ चं नोबेल या तिघांना मिळालं.

नुसतं पाहण्यावर हे थांबलं नाही. कर्कपेशी अंगावर सियालिक आम्लाचा थर चढवतात. त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या पेशी शांत होतात. २०१६ मध्ये बर्टोझींच्या गटाने स्तनांच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला सियालिक आम्ल छाटणारं विकर क्लिकनेच जोडलं. प्रतिपिंडाने कर्कपेशी गाठायची, विकराने तिथलं पांघरूण काढायचं. प्रयोगशाळेत अशा उघड्या पडलेल्या कर्कपेशींवर नैसर्गिक मारक पेशी अधिक जोमाने तुटून पडल्या.