वाघ आला, पण खाणार काय?

येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ आला, मग सफारी कधी सुरू होणार, असं कळंबच्या एका वाचकाने विचारलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात सापडलेला हा वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला. त्याला पकडून सह्याद्रीत न्यायचे वनखात्याचे प्रयत्नही त्याने हुकवले. कौतुक वाटणारच!

पण हिशेब बघा. वाघ आठवड्याला साधारण एक मोठं जनावर मारतो, वर्षाला पन्नास. व्याजावर जगावं, मुद्दलाला हात लावू नये, तसं त्याने कळपाचा दहावा हिस्साच खाल्ला तर कळप टिकतो. म्हणजे एका वाघामागे पाचशे जनावरं हवीत, हे वाघांचे अभ्यासक उल्लास कारंथ यांचं गणित. रामलिंगचं रान जेमतेम २२ चौरस किलोमीटर! वाघ शिवारात उतरणार आणि गाई-वासरांवर पडणार, हे उघड आहे.

त्याच शिवारात रानडुकरं एका रात्रीत पीक लोळवतात. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद असली, तरी पिकाचं नुकसान करणारी डुकरं परवानगीने मारता येतात. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे, पण तेच डुक्कर वाघाचं जेवणही आहे. मग मारायची किती?

वाघच डुकरांना आवरेल, असं म्हणताना अमेरिकेतल्या कैबाब पठाराची गोष्ट हमखास सांगितली जाते. १९०६ नंतर तिथले लांडगे, पुमा मारले, हरणं लाखावर गेली आणि उपाशी मेली. ग्रॅम कॉगली या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये हे आकडे तपासले. १९२४ चे अंदाज तीस हजारांपासून एक लाखापर्यंत होते; पाठ्यपुस्तकांनी सर्वात मोठा उचलला. शिवाय पठारावरची मेंढरं-गुरंही त्याच काळात कमी झाली होती, म्हणजे हरणांना चारा वाढला होता. पुढच्या अभ्यासांनी मूळ गोष्टीला काहीसा आधार दिला. मला मात्र कॉगलीच जवळचा वाटतो, कारण त्याने आधी मोजणी मागितली.

रामलिंगच्या परिसरातही आधी डुकरं, हरणं आणि वाघाने मारलेली गुरं नीट मोजावीत, गुरांची भरपाई वेळेवर द्यावी. बंदुकीचा परवाना त्यानंतर. सफारी मात्र नकोच. एवढ्याशा रानाला रामलिंगाच्या देवळाची श्रावणातली गर्दीच पुष्कळ आहे.