रकान्याचे नाव आणि अक्षरांची उंची

उज्जैनला कोणी उज्जयिनी म्हणतो, कोणी अवंतिका. शिंद्यांचे इंग्रजी दप्तरात सिंदिया झाले. तरी गाव कोणते आणि घराणे कोणते, ह्याविषयी कोणाचा घोटाळा होत नाही. माणूस नावामागची वस्तू ओळखतो. संगणक फक्त नाव ओळखतो, आणि तेही अक्षरशः.

समजा, २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनच्या एका धर्मशाळेची नोंदवही संगणकावर करावयाची आहे. यात्रेकरूचे नाव, गाव, आप्ताचा फोन असे तीन रकाने. प्रोग्राम लिहिणाऱ्याने रोमन लिपीत ‘आप्त’ आणि ‘फोन’ हे शब्द जोडले आणि ‘फोन’चे आद्याक्षर कॅपिटल काढले. उंटाच्या वशिंडासारखे मध्येच उंच होणारे हे लेखन ‘कॅमल केस’ म्हणून ओळखले जाते. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, आणि रेडिओवर तर ती ऐकूही येणार नाहीत. म्हणून आपल्याला हा भेद क्षुल्लक वाटतो.

डेटाबेसांचे ह्याबाबत एकमत नाही. मायएसक्यूएल रकान्याच्या नावात हा भेद मानीत नाही. तक्त्याच्या नावात मात्र लिनक्सवर एरवी मानते, विंडोजवर नाही. पोस्टग्रेस अवतरणचिन्हांवाचून लिहिलेले नाव मुकाट्याने स्मॉल करते, तर ओरॅकल कॅपिटल. पीएचपीची तऱ्हा आणखी निराळी: फंक्शनच्या नावात तिला भेद दिसत नाही, पण व्हेरिएबलच्या आणि अ‍ॅरेतील किल्लीच्या नावात दिसतो.

आता ही नोंदवही मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर नेली आणि तक्ता अवतरणचिन्हांवाचून बांधला, तर रकान्याचे नाव सगळे स्मॉल होते. प्रोग्राम मात्र कॅपिटलवाले नाव मागत राहतो. साध्या अ‍ॅरेत पीएचपी निदान इशारा तरी देते. लाराव्हेलचे मॉडेल, नेहमीच्या ठेवणीत, काही न बोलता रिकामे उत्तर देते. रामघाटावर चुकलेल्या वृद्धेचे नाव सापडते, गाव सापडते, आणि फोनचा रकाना कोरा दिसतो. क्रमांक तर डेटाबेसात सुखरूप असतो!

२०११ साली निघालेल्या लाराव्हेलने सर्व अक्षरे स्मॉल आणि दोन शब्दांमध्ये अधोरेषा हा संकेत धरला. सरपटत जाणाऱ्या ह्या लेखनाला ‘स्नेक केस’ हे नाव शोभते. वरील तिन्ही डेटाबेसांत अवतरणचिन्हे न वापरता हे नाव चालते, आणि शब्दांचा सांधाही डोळ्यांना दिसतो. सिम्फनीबरोबर वापरले जाणारे डॉक्ट्रिन दुसरी वाट दाखवते: प्रोग्रामात कॅमल केस, डेटाबेसात अधोरेषा, आणि मध्ये दुभाषा. मोठ्या कामाला ती ठीक. धर्मशाळेच्या वहीला दुभाषा कशाला हवा?

पीडीओमध्ये सर्व किल्ल्या सरसकट स्मॉल करण्याची सोय आहे. तीवर फार विसंबू नये, कारण अधोरेषा नसलेल्या नावातील शब्दांचा सांधा तिने पुसला जातो. जुन्या डेटाबेसात नावे बदलणे शक्य नसेल, तर कोणत्या रकान्याला प्रोग्रामात काय म्हणावयाचे, हे मॉडेलमध्ये एकाच जागी लिहावे आणि बाकी सर्वत्र तेच नाव वापरावे.