वांग्याला चिनी फोडणी

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला असते. दिवाळीनंतरच्या बैठकीला खानावळवाल्या काकू आल्या त्या हप्ता न आणताच. कोपऱ्यात बसून राहिल्या. चहा झाला, बाकीच्या बायका गेल्या, तरी या उठेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, या महिन्यात सहा पोरं सुटली."

काकूंची खानावळ म्हणजे त्यांच्या घराची पडवीच. यजमान गेल्यावर त्यांनी गटातून कर्ज काढून मोठी शेगडी आणि पातेली घेतली आणि तंत्रनिकेतनच्या मुलांना जेवू घालायला लागल्या. पंचवीस मुलं जेवायची, आता एकोणीस. सहा मुलं जाणं म्हणजे गॅसचा आणि हप्त्याचा पैसा जाणं.

"का सुटली?" मी विचारलं.

"वांगं, दुसरं काय!"

हिवाळ्यात बाजारात सगळ्यात स्वस्त काय, तर वांगं. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस ताटात तेच. पोरं ते बाजूला सारतात, वरण-भात खाऊन उठतात आणि संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या चायनीजच्या गाडीवर उभी राहतात. आणि हे कुठे? आमच्या खानदेशात! जिथे थंडी पडली की शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात आणि शंभर माणसांच्या भरिताच्या पंगती उठतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्हाला कोण अभिमान वाटला होता! पण अभिमानानं खानावळ चालत नाही हो.

मी म्हटलं, पोरांना चायनीज हवंय ना, तर वांग्याचंच चायनीज करू. घरी येऊन कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून वांग्याच्या फोडी तळल्या आणि लाल रंगाच्या मंचुरियन रश्श्यात सोडल्या. अर्ध्या किलो वांग्यांनी मोठी वाटीभर तेल पिऊन टाकलं! वरून रश्श्यात पडल्यावर पाच मिनिटांत फोडींचा चिखल. आमच्या सासूबाईंनी एक घास घेतला आणि ताटली माझ्याकडे सरकवली. बोलल्या काहीच नाहीत. न बोलणं जास्त लागतं.

अशा वेळी आठवण झाली आमच्या गल्लीतल्या डॉक्टरची. हा मुलगा २०१३ साली डॉक्टरकी शिकायला चीनमध्ये चेंगडूला गेला होता. सहा वर्षं राहून आला, आता इथेच दवाखाना चालवतो. घर शाकाहारी. त्यामुळे तिकडे त्यानं काय खाल्लं असेल, या काळजीनं त्याच्या आईचं वजन कमी झालं होतं.

माझं मंचुरियन ऐकून तो हसायलाच लागला. "मावशी, चीनमध्ये मंचुरियन कुणाला माहीतच नाही. ते आपलं मुंबईचं." खरंच आहे ते. १९७०च्या दशकात नेल्सन वँग नावाच्या आचाऱ्यानं मुंबईत पहिलं चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. नंतर कोंबडीच्या जागी कोबी आला आणि गाडी गल्लोगल्ली पोचली. आणि ज्याला आपण 'शेजवान' म्हणतो, ते मुळात एका प्रांताचं नाव आहे, सिचुआन. चेंगडू त्याच प्रांताची राजधानी. आपल्याकडच्या बाटलीतल्या शेजवान चटणीची तिथल्या माणसाला ओळखही पटणार नाही.

"मग तू सहा वर्षं काय खाल्लंस?"

"वांगं," तो म्हणाला. "यूश्यांग छ्येझ."

या नावाचा अर्थ 'माशाच्या वासाचं वांगं'. दचकू नका, यात मासा नावालाही नाही. सिचुआनमध्ये मासा शिजवताना जो मसाला वापरतात, म्हणजे मुरवलेली लाल मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, थोडी साखर, थोडं व्हिनेगर, तोच वांग्याला लावायचा, म्हणून हे नाव. आपण नाही का मटणाच्या मसाल्यातलं वांगं करत? तसंच. मात्र तिकडच्या हॉटेलात यात बरेचदा डुकराच्या मांसाचा खिमा घालतात. म्हणून हा पठ्ठ्या चिनी भाषेतलं पहिलं वाक्य शिकला ते 'बू याव रौ', म्हणजे 'मांस नको'.

तेलाचं कोडंही त्याच्याकडूनच थोडं सुटलं. वांग्याचा गर असतो स्पंजासारखा, आत हवेचे बारीक बारीक कप्पे. कच्चं वांगं तेलात पडलं की ते कप्पे तेलानं भरतात. पण आधी वाफवलं किंवा मीठ लावून पिळून घेतलं, तर कप्पे दबतात आणि तेल फार कमी लागतं. हॉटेलवाले कडकडीत तेलात तळतात, कारण तसं केलं की सालीचा जांभळा रंग टिकतो. घरी वाफवलं की रंग जरा मातकट होतो. होऊ दे! आपल्याला काही फोटो काढायचा नाही.

मला वाचनाचा नाद. त्या आठवड्यात चिनी वांग्याबद्दल मिळेल ते वाचलं. 'छीमिन याओशू' नावाचा शेतीवरचा सहाव्या शतकातला चिनी ग्रंथ आहे, त्यात वांगं शिजवायची रीत दिली आहे. वांगं कोवळं घ्या, बिया धरलेलं नको. बांबूच्या किंवा हाडाच्या सुरीनं चिरा, लोखंडाच्या सुरीनं काळं पडतं. आधी गरम पाण्यातून काढा, मग तेलात परतलेला कांदा घालून शिजवा. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीचं हे! आपणही चिरलेली वांगी काळी पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात टाकतोच की. त्यात मिरची मात्र नाही, कारण मिरची अमेरिकेतून चीनमध्ये पोचली सोळाव्या शतकात.

आणि एक गंमत. 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर' ही अठराव्या शतकातली फार गाजलेली चिनी कादंबरी. तिचं इंग्रजी भाषांतर मी चाळलं. त्यात ल्यू नावाची खेड्यातली आजी एका बड्या घरी जेवायला बसते. तिला वांगं वाढतात, पण हे वांगं आहे यावर तिचा विश्वासच बसत नाही. मग त्या घरचा कारभार पाहणारी सून रीत सांगते. वांगं कोंबडीच्या चरबीत तळायचं, कोंबडीच्या रश्श्यात शिजवायचं, अळंबी काय, सुकामेवा काय! आजी थक्क होऊन विचारते, एका वांग्यापायी दहा कोंबड्या? वाचताना मला खानावळवाल्या काकूच दिसल्या. त्यांना दहा रुपयांची वांगी खपवायची आहेत, दहा कोंबड्या कुठून आणणार!

तर आता आमची रीत सांगते, काकूंच्या पडवीत तीनदा चुकून चौथ्यांदा जमलेली.

खरी मेख मिरचीत आहे. चेंगडूजवळ पीश्येन नावाचा भाग आहे. तिथली मिरची आणि वालासारख्या मोठ्या घेवड्याच्या डाळिंब्यांची मुरवलेली चटणी चीनभर जाते. मातीच्या रांजणात घालून, उन्हं दाखवत, ढवळत महिनोन् महिने मुरवतात. अगदी आपल्या लोणच्या-वाळवणाचा प्रकार. ती आता ऑनलाइन मिळते, पण काकूंना परवडणारी नाही. म्हणून आम्ही पाव किलो ओल्या लाल मिरच्या धुऊन, अगदी कोरड्या करून, देठ काढून जाडसर वाटल्या. त्यात चार छोटे चमचे मीठ घालून काचेच्या बरणीत पाच दिवस ठेवल्या. रोज झाकण सैल करून घ्यायचं, कारण आत वायू धरतो. किंचित आंबूस वास आला की फ्रिजमध्ये. मेथी, मोहरी, लिंबू काही नको, नाहीतर त्याचं लोणचं होतं.

वांगी लांब, कोवळी, पातळ सालीची घ्या. काटेरी वांग्याचा गर घट्ट, ते मसाला भरायलाच बरं. अर्धा किलो वांग्यांच्या बोटभर लांबीच्या फोडी करून ढोकळ्याच्या भांड्यात आठ-दहा मिनिटं वाफवा. कुकरची शिट्टी अजिबात नको. एका वाटीत एक मोठा चमचा सोया सॉस, दोन छोटे चमचे व्हिनेगर, दोन छोटे चमचे साखर, एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि अर्धी वाटी पाणी कालवून ठेवा. तिकडचं व्हिनेगर काळं आणि सौम्य असतं. आपलं पांढरं फार झणकतं, म्हणून हात आखडता घ्या. कढईत दोन मोठे चमचे तेल, मंद आचेवर मिरचीची ती चटणी मोठा चमचाभर, तेल लालभडक दिसेपर्यंत परता. मग आठ-दहा पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं, दोन्ही बारीक चिरून. पेस्ट नको, करपते. त्यावर वांगं, मग वाटीतलं मिश्रण. रस चकाकायला लागला की दोन मिनिटांत गॅस बंद आणि वर भरपूर पातीचा कांदा. वरून मीठ टाकायची घाई करू नका. सोया सॉस आणि मिरची, दोन्ही खारट असतात. माझ्या दुसऱ्या खेपेचं खारटलं ते याच घाईनं.

गोड, आंबट, तिखट, खारट असं सगळं एकाच घासात येतं. चिंच-गुळाच्या वांग्यावर वाढलेल्या आपल्या जिभेला हे परकं का वाटावं?

आणखी दोन प्रकार डॉक्टरनं सांगितले. एक थंड खायचा. वांगं वाफवून हातानं उभं उभं फाडायचं, वर बारीक लसूण, सोया सॉस, व्हिनेगरचे दोन-चार थेंब, चिमूटभर साखर, भाजलेले तीळ आणि चमचाभर कडकडीत तेल. हूनान प्रांतात तर वाफवलेलं वांगं आणि भाजलेल्या मिरच्या खलात घालून कुटतात. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे भरीतच की!" दुसरा प्रकार ईशान्य चीनमधला, 'दी सान श्येन', म्हणजे जमिनीतून आलेल्या तीन ताज्या वस्तू. त्या कोणत्या, तर वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची! फोडी वेगवेगळ्या तळून लसूण-सोयामध्ये परतायच्या. तेल वाचवायचं तर बटाटा उकडून घ्या.

कोकणातल्या मैत्रिणींसाठी एक. सिचुआनच्या कित्येक पदार्थांत जीभ बधिर करणारी जी मिरी असते, ती तुमच्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण, एकाच कुळातली. बांगड्यातलं तिरफळ थोडं थंड वांग्यावर कुटून टाकून बघा. यूश्यांगमध्ये मात्र ती घालत नाहीत.

काकूंनी बुधवारचा मुहूर्त धरला. माझंच चुकलं, हौसेनं दारावरच्या फळ्यावर लिहिलं, 'आज विशेष : माशाच्या वासाचं वांगं'. एकोणीस मुलांपैकी पाच माळकरी! ती ताटाला हात न लावता बसून राहिली. एक तर उठून चाललाच होता. काकू रडवेल्या झाल्या. मी फळा पुसला, मुलांना स्वयंपाकघरात नेऊन पातेलं, बरणी, बाटल्या सगळं दाखवलं. तरी दोघं त्या दिवशी दही-भातावरच उठली.

आता फळ्यावर 'चेंगडू वांगं' लिहितो. सुटलेल्यांपैकी तीन परत आलेत, तिघं नाही आले. काकूंनी राहिलेला हप्ता दोन महिन्यांत तुकड्या-तुकड्यानं भरला. बुधवारचं पातेलं रिकामं होतं, शुक्रवारच्या रस्सा वांग्याचं अजून नाही होत. सासूबाई आठवड्यातून एकदा हे वांगं मागून खातात आणि खाऊन झाल्यावर न चुकता म्हणतात, "भरताची सर नाही हो." काकूंनी परवा मिरचीची दुसरी बरणी घातली, या खेपेला अर्धा किलोची.