माध्यमिक शाळेतील विद्यार्थी आणि निद्रा हा उपस्तंभ

जानेवारी उजाडला की विक्रोळीत कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाईट या वस्त्यांतील औषधी दुकानांत ब्राह्मी, शंखपुष्पी व सारस्वतारिष्ट यांची विचारणा वाढते. विचारणारे बहुधा पालक असतात आणि तक्रारही ठरावीक असते : मुलगा वाचतो पण लक्षात राहत नाही, मुलगी चिडचिड करते, डोके दुखते म्हणते. औषध देण्यास आमची हरकत नाही. मात्र ते देण्यापूर्वी मूल किती वाजता झोपते व किती वाजता उठते, हे विचारले जावे, असे आम्हांस आग्रहाने मांडावयाचे आहे.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ वाचकांस नव्याने सांगणे नको. अष्टौनिन्दितीय अध्यायात चरकाचार्यांनी पुष्टी व कार्श्य यांबरोबरच ज्ञान व अज्ञान हीदेखील निद्रेच्या अधीन मानली आहेत. स्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत नेमका हाच धागा आपल्या हातून सुटतो.

अशा मुलाची दिनचर्या पाहावी. शाळा सकाळच्या सत्राची असेल तर साडेपाच-सहाला उठणे, सायंकाळी क्लास, साडेनऊ-दहाला जेवण, आणि घर एका खोलीचे असेल तर टीव्ही बंद होऊन सर्व निजल्यावर अभ्यासास आरंभ. झोपावयास बारा वाजतात. हाती येते जेमतेम साडेपाच-सहा तासांची निद्रा. 13 ते 18 वर्षे वयासाठी अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने 2016 साली 8 ते 10 तासांची शिफारस केलेली आहे. त्यातच वयात येताना शरीराचे आंतरिक घड्याळ पुढे सरकते, निद्रा आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. सकाळी न उठणारे मूल आळशीच असते असे नव्हे. रात्रिजागरणाने रूक्षता व वातवृद्धी, उशिराच्या भोजनाने अजीर्ण, आणि त्यावर सकाळी रिकाम्या पोटी चहा-बिस्किटे. मग शिरःशूल व चिडचिड यांचे नवल ते काय?

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 पूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो स्वागतार्हच होता. परंतु ज्यांचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते, ती माध्यमिक वर्गांतील मुले त्यातून वगळली गेली. कॅलिफोर्निया राज्यात 2022 पासून माध्यमिक वरिष्ठ वर्ग साडेआठपूर्वी भरत नाहीत. आपल्याकडे दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांना जागेची अडचण आहे, हे आम्ही जाणतो.

ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा सल्ला आपण वैद्यमंडळीच देतो. वाग्भटांनी तो स्वस्थ व्यक्तीस सांगितला आहे, आणि अष्टाङ्गसंग्रहात उठताना आहार पचला की नाही हे पाहण्याची सूचनाही आहे. बाराला निजलेल्या मुलास साडेचारला उठविणे ही दिनचर्या नव्हे, ते जागरणच होय. झालेल्या जागरणावर उपायही ग्रंथातच आहे. जितके जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, अन्न न घेता झोपावे, असे अष्टाङ्गहृदय सांगते. सुट्टीच्या दिवशी हे सहज जमते. इतर दिवशी शाळेतून परतल्यावर जेवणापूर्वी अर्धा तास झोप घ्यावी, असे आम्ही सुचवितो. दिवास्वापाचा निषेध पुढे करून पालक शंका घेतील. त्यांना सांगावे की अध्ययनाने थकलेले व बालक यांना चरकाचार्यांनी दिवसा झोपण्याची मुभा दिली आहे. रात्री पादाभ्यंग, सोसत असल्यास कोमट दूध, आणि मोबाइल अंथरुणापासून दूर.

आता औषधाविषयी. ब्राह्मीच्या (जलब्राह्मीच्या) स्मरणविषयक चाचण्या बव्हंशी प्रौढांवर व सुमारे 12 आठवड्यांच्या आहेत. परीक्षेस तीन आठवडे उरले असता बाटली देऊन काय साधणार? शिवाय मण्डूकपर्णीही बाजारात ब्राह्मी म्हणून विकली जाते, आणि शंखपुष्पीच्या नावाखाली एकाहून अधिक वनस्पती येतात. दुकानदारांनी लेबलवरील वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहूनच माल घ्यावा. अरिष्टांत संधानजन्य मद्यांश असतो, हे पालकांस स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्रा वैद्यांनीच ठरवावी.

मुलींच्या बाबतीत पांडुत्व तपासल्याविना मेध्य औषधाकडे वळू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. थकवा व एकाग्रतेचा अभाव यांचे कारण पुष्कळदा तेथेच सापडते.

ज्या मुलाचे मित्रांत मिसळणे थांबले आहे, दोन आठवड्यांहून अधिक काळ आवडीच्या गोष्टींत मन नाही, किंवा जगण्याचा कंटाळा बोलण्यात येतो, त्यास टॉनिक देऊन घरी धाडू नये. मरणाचा विचार येतो का, हे एकांतात सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार मिळाल्यास मुलास एकटे न सोडता पालकांसह त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. केंद्र शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 औषधी दुकानाच्या काउंटरवर, पालकांस दिसेल असा लावून ठेवावा.