रोकियाला मिळालेले पैसे

मदत मागणाऱ्या पत्रकात आकडे द्यावेत की फोटो? डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. प्रश्नावली भरून दिल्याबद्दल अमेरिकेतल्या काही जणांना एकेक डॉलरच्या पाच नोटा मिळाल्या आणि सोबत एक पत्रक. काहींच्या पत्रकात आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांची आकडेवारी होती, काहींच्या पत्रकात मालीतली सात वर्षांची रोकिया, फोटोसकट. आकडेवारीला सरासरी १.१४ डॉलर मिळाले, रोकियाला २.३८. यात नवल नाही. गंमत पुढे आहे. रोकिया आणि आकडेवारी एकाच पत्रकात आल्यावर रक्कम १.४३ वर घसरली!

जाहिरातवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. विमा विकताना मृत्युदराचा तक्ता कोण दाखवतो? दिसतो तो लेकीची पाठवणी करणारा बाप. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तिच्यात दुसऱ्याच्या भावना ओळखणं होतं, तसंच स्वतःच्या ओळखणंही. पहिल्यावर एजन्सीचं पोट चालतं. दुसरं गिऱ्हाइकानं करायचं, आणि तेच बहुधा राहून जातं.

रोकियाचा प्रयोग करणाऱ्या संशोधकांनीच आणखी एका प्रयोगात पत्रक देण्याआधी काहींना साधी गणितं घातली, काहींना भावनांविषयीचे प्रश्न विचारले. गणितवाल्यांनी रोकियाला दुसऱ्यांच्या जवळजवळ निम्मेच पैसे दिले. लाखो उपाशी माणसांच्या पत्रकाला मात्र गणितानं फारसा फरक पडला नाही.