निर्लेखनापूर्वीची एक परीक्षा : संगणक-बोर्डाचा रिकव्हरी मोड

शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत 'नादुरुस्त' हा शेरा लिहावयास एक क्षण पुरतो. परंतु तो शेरा एकदा पडला, की ती वस्तू कपाटात जाते आणि मुलांच्या हातांना कायमची अंतरते. तराजूची दांडी मोडली, नकाशा फाटला, तर ते डोळ्यांना दिसते. छोट्या संगणक-बोर्डाची गोष्ट निराळी आहे. तो दिसावयास धड असतो. त्यावर कोठे चीर नसते, जळाल्याचा वास नसतो. आणि तरीही तो दिवा लावीत नाही, संगणकाला जोडला असता ओळख देत नाही. अशा वेळी बोर्डाचे शरीर निकामी झाले आहे, की केवळ त्यात लिहिलेला प्रोग्राम बिघडला आहे, हे आधी ठरविले पाहिजे. ते ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. तीस पाच मिनिटे, एक केबल आणि थोडी स्वस्थता एवढेच साहित्य लागते. त्या परीक्षेचे नाव रिकव्हरी मोड. म्हणजे बोर्डाला यूएसबी केबलच्या वाटेने पुन्हा सावध करण्याची अवस्था.

हा विषय शिक्षकांपर्यंत का आला?

पवना नदीच्या काठची काळेवाडी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथून भोसरीवरून चाकणपर्यंत कारखान्यांचा जो पट्टा पसरला आहे, त्याच्या कडेला खेड, मावळ आणि मुळशी तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. त्या निधीतून शाळांना शैक्षणिक साहित्य मिळू शकते. २०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आणली. अशा मार्गांनी तळहाताएवढे, किंबहुना बोटाएवढे संगणक शाळेत येतात. वस्तू येते, पण ती बंद पडल्यावर काय करावे हे सांगणारा मनुष्य तिच्याबरोबर येत नाही. ती उणीव भरून काढणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि ते वाटते तितके कठीण नाही.

बोर्ड जागा होतो तेव्हा आत काय घडते?

ही गोष्ट समजण्यासाठी शाळेचेच उदाहरण घ्यावे. रोज सकाळी शिपाई कुलूप उघडतो. त्याला एकच काम पाठ आहे : दार उघडावे, मुख्याध्यापकांच्या टेबलावरील त्या दिवसाची सूचना घ्यावी आणि ती वर्गांत पोहोचवावी. टेबलावरील सूचना रोज बदलते. शिपायाचे काम मात्र बदलत नाही. आता समजा, कुणी त्या सूचनेवर शाई सांडली. वर्ग खोळंबतील, शाळा बंद पडल्यासारखी दिसेल; पण शिपाई जागेवरच आहे.

बोर्डातही अशाच दोन जागा असतात. एक म्हणजे चिप घडवितानाच तिच्यात कोरलेला लहानसा प्रोग्राम. यास रॉम म्हणतात. तो पुसता येत नाही आणि बदलताही येत नाही. दुसरी जागा फ्लॅश स्मृतीची. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम तेथे साठविला जातो. ती पुन्हा पुन्हा लिहिता येते, म्हणून बिघडूही शकते. वीज मिळताच प्रथम रॉममधील प्रोग्राम चालू होतो. तो एक गोष्ट तपासतो : 'मला कुणी वेगळी खूण केली आहे काय?' खूण नसेल, तर तो फ्लॅशमधील लिखाणाकडे वळतो. खूण असेल, तर त्या लिखाणाकडे पाहतही नाही. यूएसबीच्या दारात उभा राहून नव्या लिखाणाची वाट पाहतो.

येथे एक मुद्दा मनावर ठसविणे अगत्याचे आहे. ही तपासणी वीज येण्याच्या क्षणी होते. दार उघडून शिपाई आत गेल्यावर फाटकापाशी उभे राहून हाका मारल्याने काही साधत नाही. त्याप्रमाणे बोर्ड चालू झाल्यावर बटण कितीही दाबले तरी व्यर्थ. आधी बटण, मग वीज : हा क्रम ज्याला समजला त्याला निम्मी विद्या आली.

पिको बोर्डाची कृती

उदाहरणादाखल रास्पबेरी पाय पिको हा स्वस्त बोर्ड घेऊ. तो जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आला. त्याच्या चिपमधील रॉम अवघा १६ किलोबाइटांचा आहे, तर बाजूची फ्लॅश स्मृती २ मेगाबाइटांची. बोर्डावर 'बूटसेल' असे लिहिलेले एक पांढरे बटण असते. कृती अशी करावी :

१. बोर्डाची केबल पूर्णपणे काढावी. बोर्डाला अन्य मार्गाने, उदाहरणार्थ बॅटरीतून, वीज मिळत असल्यास तीही तोडावी.

२. बूटसेल बटण बोटाने दाबून धरावे.

३. बटण न सोडता केबल संगणकाला जोडावी.

४. मनात तीन अंक मोजून बटण सोडावे.

५. संगणकाच्या पडद्यावर, पेन ड्राइव्ह लावल्यावर दिसते तशी, 'आरपीआय-आरपी२' या नावाची नवी ड्राइव्ह दिसेल.

६. मायक्रोपायथॉनची यूएफ२ प्रकारची फाइल त्या ड्राइव्हवर नकलून टाकावी.

७. नक्कल पूर्ण होताच ड्राइव्ह आपोआप नाहीशी होईल. हा बिघाड नव्हे. बोर्ड नवे लिखाण घेऊन कामास लागल्याची ती खूण होय.

पाचव्या पायरीवर ड्राइव्ह दिसली, तर परीक्षेचा निकाल लागला : चिप, तिचा रॉम आणि यूएसबीचे दार शाबूत आहे, बिघाड बहुधा लिखाणाचा आहे. असा बोर्ड निर्लेखनाच्या यादीत घालणे म्हणजे शाई सांडली म्हणून शाळा बंद करणे होय.

नुसता रिकव्हरी मोड लावल्याने पिकोतील काहीही पुसले जात नाही. पुसणे घडते ते नवी फाइल टाकल्यावर. म्हणून परीक्षा म्हणून ही कृती निर्धास्तपणे करावी. साध्या पिकोसाठीची मायक्रोपायथॉनची फाइल एक मेगाबाइटहून लहान असते. ज्या शाळेत इंटरनेटची सोय बेभरवशाची आहे, तिने ती एकदा उतरवून पेन ड्राइव्हवर आणि कार्यालयाच्या संगणकावर जपून ठेवावी.

लिहिताना मधेच वीज गेली तर काय, अशी शंका ग्रामीण भागात साहजिक आहे. पिकोच्या बाबतीत भय नाही. फ्लॅशमधील लिखाण अर्धवट राहील, पण रॉमला धक्का लागत नाही. वीज आल्यावर तीच कृती पहिल्या पायरीपासून करावी.

फसगतीची ठिकाणे

पहिली फसगत केबलची. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही केबलींत माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलने बोर्डाला वीज मिळते, पण संगणकाशी त्याचे बोलणे होत नाही. सबब, ड्राइव्ह दिसली नाही तर प्रथम दोष केबलीचा धरावा. जी केबल लावून मोबाइलमधील छायाचित्रे संगणकावर घेता येतात, ती चांगली समजावी. केबल बदलून, मग संगणकाचे दुसरे दार वापरून, अशी निदान तीनदा परीक्षा घेतल्याशिवाय बोर्डाला दोष देऊ नये.

दुसरी फसगत जातीची. २०२४ साली आलेला पिको २ हा बोर्ड रिकव्हरी मोडमध्ये 'आरपी२३५०' या नावाने दिसतो. एका जातीची फाइल दुसऱ्या जातीस चालत नाही. ड्राइव्हचे नाव वाचूनच फाइल निवडावी.

तिसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. मुलाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम फ्लॅशच्या वेगळ्या भागात राहतो. मायक्रोपायथॉनची फाइल पुन्हा टाकल्याने तो भाग साधारणतः पुसला जात नाही. त्या प्रोग्रामातच चूक असेल, तर बोर्ड पुन्हा पूर्वीसारखाच अडेल. अशा वेळी संपूर्ण फ्लॅश कोरी करणारी 'फ्लॅश न्यूक' नावाची वेगळी यूएफ२ फाइल आधी टाकावी, मग मायक्रोपायथॉनची. मात्र तिने मुलांचे सर्व काम जाते. ज्या मुलाने आठवडाभर खपून रहदारीच्या दिव्यांचा प्रयोग लिहिला, त्याच्या दृष्टीने ते नुकसान बोर्डाच्या किमतीहून मोठे आहे. यास्तव मुलांच्या प्रोग्रामांची एक नक्कल संगणकावर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आता ज्या स्थितीत ही विद्या चालत नाही तीही सांगितली पाहिजे. पिकोच्या खिळ्यांना ३.३ व्होल्ट दाब मानवतो. तेथे ५ व्होल्टची तार जोडली गेल्यास चिपच इजा पावू शकते. यूएसबीचे तोंड उखडलेले असू शकते. चांगल्या केबलने, योग्य क्रमाने, दोन संगणकांवर परीक्षा घेऊनही ड्राइव्ह दिसत नसेल, तर 'नादुरुस्त' हा शेरा प्रामाणिकपणे लिहिता येईल.

इतर बोर्डांच्या खुणा

तत्त्व एकच, खुणा निरनिराळ्या. २०१६ साली ब्रिटनमधील शाळकरी मुलांना वाटला गेलेला मायक्रोबिट हा बोर्ड आपल्याकडेही मिळतो. त्याच्या पाठीमागील रिसेट बटण दाबून धरून केबल जोडली, तर 'मेंटेनन्स' नावाची ड्राइव्ह दिसते. जोडताना बोट चुकून त्या बटणावर पडले, तरी हेच घडते. मग मुलांचे प्रोग्राम चढत नाहीत आणि बोर्ड बिघडला असा समज होतो. उपाय एवढाच, की केबल काढून बटणास स्पर्श न करता पुन्हा जोडावी. 'मायक्रोबिट' हे नाव दिसले की काम झाले.

२०१९ साली आलेला जेटसन नॅनो हा बोर्ड अधिक सामर्थ्यवान आहे. कॅमेऱ्यातील चित्र ओळखण्याच्या कामी तो वापरला जातो. त्याला असे बटण नाही. 'एफसी आरईसी' ही खूण असलेला खिळा आणि त्याशेजारचा ग्राउंडचा खिळा यांवर लहानशी जोडटोपी, म्हणजे जंपर, बसवून मग वीज द्यावी लागते. या अवस्थेत त्याच्या पडद्यावर चित्र मुळीच उमटत नाही. पाहणाऱ्यास वाटते, बोर्ड गेला. वास्तविक तो मौन धरून जागा असतो. उबुंटू प्रणालीच्या संगणकाला यूएसबीने जोडून 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली असता यादीत एनव्हिडिया हे नाव दिसते, तेव्हा खात्री पटते. नव्याने लिहिताना यातील पूर्वीचे लिखाण जाते, म्हणून हे काम जाणकाराच्या सोबतीने करावे. काळेवाडी, पिंपरी, चाकण परिसरात कारखान्यांतील यंत्रांच्या नियंत्रकांत प्रोग्राम भरण्याचे काम करणारे पालक असतात. पालकसभेत अशा एखाद्या पालकास तासभर शाळेत येण्याची विनंती करावी. आपल्या रोजच्या कामाला शाळेत मान आहे, हे त्या पालकाला आणि त्याच्या मुलालाही कळेल.

महाराष्ट्रातील एक आधीचा दाखला

ही सोय खेड्यातील शाळेला अगदीच नवी नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या एकशिक्षकी शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या उपक्रमातील एक्सओ यंत्रे मुलांना देण्यात आली. त्या यंत्रात पडद्याशेजारी खेळाच्या चार कळा होत्या. त्या चारही दाबून धरून वीज दिली, की यंत्र पेन ड्राइव्हवरून आपली प्रणाली नव्याने भरून घेई. मात्र त्याचा आरंभीचा प्रोग्राम रॉममध्ये कोरलेला नव्हता. तो बदलता येण्याजोगा होता. म्हणून तो बदलताना बॅटरी आणि विजेची जोडणी अशी दोन्ही असल्याखेरीज यंत्र पुढे जात नसे. जो मदतीला येणार, तोच मधेच कोसळू नये, अशी ती खबरदारी होती. दुरुस्ती शाळेतच व्हावी, या विचाराने घडविलेली यंत्रे कशी असतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

वर्गात उपयोग

हे काम शिक्षकाने दार लावून एकट्याने करू नये. उच्च प्राथमिक वर्गांतील मुलांसमोर ते करावे. एका मुलाने बटण धरावे, दुसऱ्याने केबल जोडावी, तिसऱ्याने पडद्यावर काय दिसले ते फळ्यावर लिहावे. मग क्रम मुद्दाम चुकवावा : आधी वीज, मग बटण. ड्राइव्ह का दिसली नाही, हे मुलांनाच विचारावे. कार्यकारणभावाचा हा पाठ पुस्तकातील पानाहून अधिक टिकेल. याच पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हातांनी काम करता करता शिकण्याच्या विचारावरच. २००२ साली तेथे फॅब लॅब उभी राहिली. शाळेतील बंद पडलेला एक बोर्ड हा त्याच विचाराचा लहानसा आरंभ होऊ शकेल.

शिक्षक बंधु-भगिनींनी एवढे अवश्य करावे : कपाटातील प्रत्येक बंद बोर्ड बाहेर काढावा, वरील परीक्षा घ्यावी, आणि नोंदवहीत बोर्डाच्या नावापुढे परीक्षेची तारीख, वापरलेली केबल व दिसलेले नाव लिहावे. जे बोर्ड जागे होतील ते दुसऱ्याच दिवशी मुलांच्या हाती द्यावेत. जे होणार नाहीत, त्यांचेच निर्लेखन व्हावे.